टाळ्या पोपला, मत स्वतःचं

१३ मे १९८१. रोमच्या सेंट पीटर्स चौकात उघड्या गाडीतून गर्दीत फिरणाऱ्या पोप जॉन पॉल दुसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. इटलीचं काळीज हललं. सगळा देश प्रार्थनेला बसला.

चारच दिवसांनी त्याच इटलीत गर्भपाताच्या कायद्यावर सार्वमत होतं. चर्चने कायदा पाडायला कंबर कसली होती. आणि आता तर खुद्द पोप इस्पितळाच्या खाटेवर, मरणाच्या दारातून परतलेले. प्रचाराला आणखी काय हवं?

६८ टक्के लोकांनी कायदा राहू द्या म्हणून मत दिलं.

मग पुन्हा प्रार्थनेला मोकळे.

पोप लोकप्रिय आहेत असं कुणी म्हणालं की मला हे सार्वमत आठवतं. लोकप्रिय म्हणजे नेमकं काय? लोक बघायला येतात हे खरं. ऐकतात, असं कोण म्हणालं?

जॉन पॉल यांच्याकडे काय नव्हतं? तरुणपणी क्राकोमध्ये नाटकात कामं केलेली. स्कीइंगचा नाद. १९७८ मध्ये निवड झाली तेव्हा वय अवघं ५८, आणि साडेचारशे वर्षांतले पहिले बिगर-इटालियन पोप. विमानातून उतरले की आधी जमिनीचं चुंबन. कॅमेरा कुठे आहे हे त्यांना कुणी सांगावं लागत नसे. एकूण १०४ परदेश दौरे. १९८६ मध्ये आपल्याकडेही येऊन गेले, गोवा, मुंबई, पुणे. १९९५ मध्ये मनिलात मिस्सेला ५० लाख लोक होते म्हणतात.

मोजले कुणी, हे विचारायचं नाही. सभा म्हटली की आकडा भक्तांचाच धरायचा.

पण खरी मजा त्याआधीची, आयर्लंडची. ३० सप्टेंबर १९७९, गॉलवे. घोड्यांच्या शर्यतीचं मैदान आणि लाखोंच्या संख्येने जमलेली तरुण मंडळी. पोप यायला अवकाश होता. तोवर गर्दी पेंगू नये म्हणून मंचावर दोन स्थानिक तारे सोडले होते. एक गॉलवेचे बिशप इमन केसी, दुसरे गाणारे फादर मायकल क्लिअरी. दोघेही बोलघेवडे, हसरे, पोरांचे लाडके. गाणी, विनोद, कोपरखळ्या. वरात येईपर्यंत मांडवात बँडवाले जे करतात, ते सगळं. मग पोप आले, आयर्लंडच्या पोरांनो माझा तुमच्यावर जीव आहे अशा अर्थाचं बोलले, आणि टाळ्या थांबेचनात.

मंचावरच्या त्या दोन ब्रह्मचाऱ्यांपैकी बिशपसाहेबांचा मुलगा तेव्हा पाच वर्षांचा होता.

फादरसाहेबांचंही घर रिकामं नव्हतं. त्यांना घर सांभाळणाऱ्या बाईंपासून मुलं होती. केसींचं बिंग १९९२ मध्ये फुटलं, क्लिअरींचं मेल्यावर. एरवी हेच क्लिअरी रेडिओवरून लोकांना संयमाचे धडे देत. लोकही आवडीने ऐकत.

बाप होणं हा गुन्हा नाही. मुलाला लपवून दुसऱ्यांच्या पोरांना ब्रह्मचर्य शिकवणं, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. केसींवर पुढे लैंगिक शोषणाचेही आरोप झाले. २०१७ मध्ये ते गेले, तेव्हा त्यांना गॉलवेच्या कॅथेड्रलमध्येच मानाची जागा मिळाली. २०२५ मध्ये त्यांचे अवशेष तिथून काढून घरच्यांच्या हवाली केले.

मंचावरून उतरवायला ४६ वर्षं लागली.

त्याच १९७९ च्या दौऱ्यात डब्लिनच्या फिनिक्स पार्कमध्ये दहा लाखांहून जास्त माणूस लोटला होता. देशाची लोकसंख्या तेव्हा ३४ लाखांच्या घरात. २०१८ मध्ये पोप फ्रान्सिस त्याच मैदानात आले, तेव्हा सरकारी अंदाज दीड लाखाच्या आसपासचा होता. तीनच महिन्यांपूर्वी आयर्लंडने ६६ टक्के मतांनी गर्भपातबंदी उठवली होती. आयरिश माणूस निदान सरळ निघाला. मत बदललं, तसं मैदानात जाणंही सोडलं.

आता मेक्सिकोचे मार्सियाल मासिएल. ‘लिजन ऑफ क्राइस्ट’ या संघाचे संस्थापक. उमेदवार ओढून आणावेत यांनी, देणग्या गोळा कराव्यात यांनी. पाद्री होणाऱ्यांची संख्या जगभर रोडावत असताना यांची सेमिनरी भरलेली. जॉन पॉल यांनी तरुणांचे मार्गदर्शक म्हणून त्यांचं जाहीर कौतुक केलं होतं. १९९७ मध्ये त्यांच्याच जुन्या विद्यार्थ्यांनी नावानिशी सांगितलं, या माणसाने लहानपणी आमचं शोषण केलं.

व्हॅटिकनने काय केलं? काही नाही. इतका यशस्वी माणूस वाईट कसा असेल?

२००६ मध्ये त्यांना एकांतात प्रार्थना आणि प्रायश्चित्त करायला धाडलं गेलं. कुणी धाडलं? बेनेडिक्ट सोळावे यांनी. लाजरे, पुस्तकी, पियानोवर मोझार्ट वाजवणारे. गर्दीकडे बघून हात हलवतानाही संकोचणारे. मासिएलची मोहिनी ज्यांच्यावर चालली नाही, ते हे पोप.

लगेच बेनेडिक्ट यांना हार घालायला धावू नका. म्युनिकचे आर्चबिशप असताना काही प्रकरणं त्यांनी नीट हाताळली नाहीत, असा ठपका २०२२ च्या अहवालात आहे. लाजाळूपणा हा काही सद्गुण नाही.

मात्र गेल्या सहा शतकांतला सर्वांत मोठा धक्का याच माणसाने दिला. ११ फेब्रुवारी २०१३ रोजी कार्डिनलांच्या एका रटाळ बैठकीत त्यांनी कागद काढला आणि राजीनामा वाचून दाखवला. लॅटिनमध्ये. समोरच्या काही कार्डिनलांना आपण काय ऐकलं हे कळायला वेळ लागला. पत्रकारांच्या कक्षात एका इटालियन वृत्तसंस्थेच्या बाईंचं लॅटिन पक्कं होतं. बातमी त्यांनी फोडली.

कॅमेरे घेऊन बसलेले बाकीचे एकमेकांकडे बघत राहिले.

मग आले फ्रान्सिस. सज्जात उभं राहून लोकांना साधं ‘शुभ संध्या’ म्हणाले. जग विरघळलं. दुसऱ्या दिवशी उतरलेल्या ठिकाणी जाऊन स्वतःच्या खोलीचं बिल चुकवलं. जग पुन्हा विरघळलं. बिल भरल्याबद्दल तुमचं-आमचं कौतुक कधी झालंय? राजवाडा सोडून अतिथिगृहात राहिले, लहानशा गाडीतून फिरले, त्याच वर्षी ‘टाइम’च्या मुखपृष्ठावर झळकले.

माणूस मनाने मोठा होता, यात शंका नाही. पण टाळ्यांचं काय झालं? समलिंगी माणसाचा न्याय करणारा मी कोण, असं विमानात म्हणाले, तर अर्धं जग म्हणालं, चर्च बदललं. शिकवण होती तिथेच होती. दहा वर्षांनी, २०२३ च्या डिसेंबरात, अशा जोडप्यांना साधा आशीर्वाद द्यायला त्यांनी खरोखर परवानगी दिली. महिनाभरात आफ्रिकेतल्या बिशपांनी कळवलं, आमच्याकडे नको.

सर्वांत लोकप्रिय पोप. आणि ऐकायला त्यांचेच बिशप तयार नाहीत.

चिलीत तर उलटं झालं. शोषण झाकल्याचा आरोप असलेल्या एका बिशपची २०१८ मध्ये फ्रान्सिस यांनीच पाठराखण केली, वर तक्रारदारांवर बदनामीचा ठपका ठेवला. नंतर चौकशी लावली, स्वतः माफी मागितली, आणि चिलीच्या झाडून सगळ्या बिशपांनी राजीनामे पुढे केले. गरिबांचे पाय धुणारा माणूसही तक्रार ऐकताना आधी बिशपाकडेच बघतो.

मार्च २०२३ मध्ये पांढऱ्या फुगीर जाकिटातल्या फ्रान्सिस यांच्या फोटोने जगाला वेड लावलं. काय ऐट, काय रुबाब! फोटो संगणकाने रचलेला होता.

पोप नसला तरी चालतं म्हणायचं.

माणूस जिवंत नसला तरी भक्ती चालते, हे गोव्याला नवं नाही. सेंट फ्रान्सिस झेवियर, म्हणजे गोंयचो सायब, १५५२ मध्ये वारले. शव गोव्यात आल्यावर दर्शनाला आलेल्या एका बाईने भक्तीच्या भरात पायाचं बोट चावून नेलं, असं सांगतात. २०२४-२५ च्या शवप्रदर्शनालाही लोटच्या लोट आले, त्यात हिंदूही आले. संत असावा तर असा. प्रवचन देत नाही, कुटुंब नियोजनावर बोलत नाही, देणग्यांचा हिशेब विचारत नाही.

जिवंतपणी बोलणारे महागात पडतात. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो घ्या. सुंदर मराठी, गोड वाणी, ख्रिस्ती नसलेल्यांमध्येही मोठा वाचकवर्ग. बायबल सोप्या मराठीत आणलं तेव्हा सगळे खूश. हरित वसईसाठी पाण्यावर आणि जमिनीवर बोलले, तेव्हा मात्र अनेकांना त्यांचा झगा टोचला. २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तर काहींना प्रश्न पडला, पाद्री कसा चालेल? आजारी होते, तरी गेले, भाषण केलं.

आपले बुवा-महाराज चालतात. त्यांना टीव्हीवर वेळ मिळतो.

परत रोमला. फ्रान्सिस यांच्या जागी नवा पोप निवडणारी मे २०२५ ची कॉन्क्लेव्ह आठवते? बाहेर पैजा लागलेल्या. पोपच्या निवडीवर पैज लावायला १५९१ मध्ये पोप ग्रेगरी चौदावे यांनी बंदी घातली होती. ती आता उरलेली नाही, ते दिसतंच आहे. आवडत्या उमेदवारांपैकी एक फिलिपिन्सचे कार्डिनल टागले. हसरे, गाणारे, पोरांत रमणारे. त्यांच्या गाण्याचा जुना व्हिडिओ ऐन मोक्याला फिरला आणि त्यावरून दोन तट पडले. आतल्या १३३ जणांनी चौथ्या फेरीत रॉबर्ट प्रीव्होस्ट, म्हणजे पोप लिओ चौदावे, यांना निवडलं. गणिताचे पदवीधर, पेरूत वर्षानुवर्षं काम केलेले, हळू बोलणारे, भाषण कागदावरून वाचणारे.

आता या माणसात आवडावं काय? जगभरच्या बातमीदारांची पंचाईत झाली. अखेर ते शिकागोच्या व्हाइट सॉक्स या बेसबॉल संघाचे चाहते निघाले. सुटले सगळे. महिनाभराने पोप लिओ चौदावे संघाची टोपी घालून फोटोत.

आणि रोममध्ये पर्यटकांसाठी देखण्या पाद्र्यांचं एक कॅलेंडर दरवर्षी निघतं. काळे झगे, धारदार जबडे, बारा महिने बारा चेहरे. त्यातले काही जण पाद्री नाहीतच, हे आता जगजाहीर झालंय. खप कमी झाल्याचं ऐकिवात नाही.