लूज कनेक्शन

आमच्या मंचरच्या मामांच्या मते जगातला प्रत्येक बिघाड म्हणजे लूज कनेक्शन. मोटार पाणी उचलेना? लूज कनेक्शन. जमलेली सोयरीक फिसकटली? तिथंही कुठंतरी तेच. त्यामुळं घरच्या कॉम्प्युटरला 1 टीबीची नवी हार्ड डिस्क आणल्याचं कळताच ते खिशाला टेस्टर लावून नारायणगावला हजर झाले. बोलावलं कुणी नव्हतं.

पद्धत ठरलेली. आधी चहा. मग मेन स्विच बंद, म्हणजे अख्ख्या घराचा. मिक्सरमधलं वाटण अर्धवट राहिलं तरी चालेल. कॅबिनेट आडवं पाडून आत जोरात फुंकर मारायची आणि धूळ स्वतःच्याच डोळ्यांत गेली की आम्हाला ओरडायचं, "काय रे ही अवस्था!" स्क्रू चटणीच्या वाटीत.

मामा हे शिकले ते रुंद पट्टीच्या केबलींच्या काळात. एका केबलवर दोन डिस्क, एक मास्टर, एक स्लेव्ह, आणि ते ठरवायला इवलासा जम्पर. आता साटा डिस्कला प्रत्येकी वेगळी केबल, ती भानगडच उरलेली नाही. तरी मामा भिंग घेऊन जम्पर शोधत बसले. "मालक कोण, गडी कोण, हे नको ठरायला?"

डिस्क जोडली, कॉम्प्युटर सुरू केला. स्क्रीनवर जुनेच सी आणि डी. मामांचा चेहरा उजळला. पहिल्या झटक्यात चालणाऱ्या वस्तूवर त्यांचा विश्वासच नसतो. केबल बदलली, पोर्ट बदललं, पुन्हा चहा झाला. "तिकडं खोडदला 45 मीटरच्या 30 डिश आकाश ऐकतात, आणि इथं एक डिस्क दिसेना?"

शेवटी आमची अकरावीतली पोर उठली. "आजोबा, बायोसमध्ये दिसतीये ना? मग वायरी ठीक आहेत. नवी डिस्क कोरी असते." तिनं डिस्क मॅनेजमेंट उघडून इनिशियलाइज केली, पार्टिशन पाडलं, फॉरमॅट मारला. ई ड्राइव्ह हजर.

"तेच म्हणतोय मघापासून," मामा म्हणाले. "सॉफ्टवेअरचं लूज कनेक्शन."

मग त्यांनी चष्मा सावरून आकडा वाचला. 931 जीबी. "हजार सांगितले होते ना? वरचे 69 कुठं गेले?"

कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज 1024च्या, असं पोरीनं समजावलं. जन्मभर मार्केटला कांदा घातलेल्या माणसाला ते लगेच पटलं.

"हमाली-तोलाई म्हण की सरळ! पण वजावट केली तर पट्टीवर लिहायला नको?"