कोणते करकोचे?

पहाटे पावणेसहाला फोन वाजला की वाशीमच्या घरात दोनच शक्यता धरतात. कोणी तरी गेलं, नाही तर कोणी तरी आलं. ‘गेलं’ असेल तर सगळं घर उठतं. ‘आलं’ असेल तर फक्त सर उठतात.

त्या रविवारी फोनवर सरांचा एक जुना विद्यार्थी होता. शाळेत असताना याने भूगोलात कधी पस्तीसच्या वर मजल मारली नव्हती, पण त्याचं शेत अडाण धरणाच्या काठाला आहे, आणि पक्षीनिरीक्षकाच्या लेखी हीच त्याची सर्वांत मोठी पदवी.

“सर, करकोचे आले.”

“कोणते?”

“लांब पायाचे.”

एवढ्यावर सरांनी फोन ठेवला आणि पायात बूट घातले. घाई स्वाभाविक होती. नोव्हेंबर लागला होता, पक्षी सप्ताह चालू होता आणि ‘करकोचा’ म्हणताच सरांच्या डोळ्यांपुढे एकच पक्षी उभा राहतो: कांड्या करकोचा. मंगोलिया-कझाकस्तानच्या गवताळ माळांवर पिल्लं वाढवायची, थंडी पडू लागली की हिमालय ओलांडायचा आणि हिंदुस्थानात येऊन शेतातले दाणे टिपायचे, असा त्याचा वार्षिक कार्यक्रम. राजस्थानात फलोदीजवळच्या खीचन गावी लोक त्यांना ज्वारी टाकतात, म्हणून तिथे हजारोंनी उतरतात. वाशीमकरांनी अशी पंगत मांडलेली नाही. त्यामुळे इकडे त्यांची वाट पाहणं हे मुलीच्या स्थळाची वाट पाहण्यासारखं आहे. येणार येणार म्हणतात आणि परस्पर परभणीला जातात.

पक्षी सप्ताहाची तारीखही बेतून ठरवलेली आहे. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर हा सालिम अलींचा. या दोघांच्या मधले दिवस २०२० पासून महाराष्ट्रात सरकारी शिक्क्यानिशी पक्ष्यांचे म्हणून साजरे होतात. दोघांचे जन्म नेमके स्थलांतराच्या हंगामात झाले, हे बरं झालं. मे महिन्यात झाले असते तर वाशीमच्या उन्हात सप्ताहाला कावळेसुद्धा आले नसते.

सरांसोबत निघायला दोघं तयार असतातच. एक मेडिकलवाले भाऊ. यांच्या दुकानात गोळ्यांच्या रिकाम्या खोक्यांमागे औषधांची मागणी कमी आणि पक्ष्यांच्या याद्या जास्त लिहिलेल्या सापडतात. दुसरा भाऊंचा पुतण्या, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, गळ्यात हप्त्यावर घेतलेला कॅमेरा. निघताना सरांच्या सौभाग्यवती दारात आल्या. “पोरीच्या घरी चाला म्हटलं त गाडीत पेट्रोल नसते, अन् कोंबड्या पाहाले कारंज्यापावतर!” सरांनी यावर नेहमीप्रमाणे हेल्मेट घातलं.

कारंज्याला जाण्याआधी एकबुर्जीवर डोकावणं हा नियम. वाशीमला पाणी पाजणारं हे धरण चंद्रभागा नावाच्या नदीवर आहे, म्हणून भाऊ दर रविवारी घरी “चंद्रभागेवर जाऊन येतो” असं सांगतात आणि त्यात तिळमात्र खोटं नसतं. काठावर धोबी शेपट्या आपटत होते. गावोगावचे धोबी इस्त्रीकडे वळले, हा मात्र दर वर्षी हिमालयापलीकडून येऊन अजून धुणंच बडवतो. पाण्यात थापट्या बदकं फावड्यासारखी चोच लावून चिखल गाळत होती, चिखल्या चिखलात पळत होता, शेकाट्या काटकुळ्या तांबड्या पायांवर उभा होता. मराठीत पक्ष्यांची नावं ठेवणारा माणूस कोणी का असेना, तो गावच्या पारावर बसून टोपणनावं ठेवणाऱ्यांपैकीच असावा. थापट्या, शेकाट्या, भोवत्या, वटवट्या, गप्पीदास, मानमोडी. ही यादी हजेरीत वाचली तर मास्तरांना मागचा बाक आठवेल.

पण याच गोड नावांनी पक्षीमित्रांचा घात केलेला आहे. राजहंस म्हटलं की एकाच्या मनात पट्टकदंब येतो, दुसऱ्याच्या मनात रोहित. नीळकंठ तर विचारूच नका. दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ, तो तारेवर बसणारा नीलपंख. पण गळ्याला निळा पट्टा मिरवत हिवाळ्यात येणारा चिमुकला शंकरही काही लोकांचा नीळकंठच. भाऊंनी यावर एकदा तोडगा काढला होता. गटातल्या सर्वांनी शास्त्रीय नावानेच निरोप द्यायचे. त्यानुसार कांड्या करकोच्याचा निरोप गेला, “ग्रुस व्हर्गो आले.” पलीकडून उत्तर आलं, “कोणाकडं उतरले?” त्या दिवसापासून गट पुन्हा मराठीवर आला.

वाशीम सोडलं की मंगरुळपीरपर्यंत दोन्ही बाजूंनी सोयाबीन निघून गेलेली काळी रानं आणि मधल्या ओळींत फुलावर आलेली तूर. रस्त्यात शेलूबाजारकडे जाणारी समृद्धी महामार्गाची पाटी लागली. नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला तेव्हापासून वाशीम जिल्हा जगाच्या जवळ आला म्हणतात, पण दुचाकीला त्यावर बंदी आहे. सायबेरियाहून निघालेला पक्षी तो रस्ता फुकटात ओलांडतो. वाशीमहून निघालेले सर खालच्या रस्त्याने खड्डे मोजत जातात.

महामार्गाने आणखी एक गोष्ट केली आहे. तिपाईवर दुर्बीण लावून रानाकडे पाहणारा माणूस हा आता या भागात पक्षीनिरीक्षक ठरत नाही. तो मोजणीवाला ठरतो. मंगरुळपीरच्या पुढे पुतण्याने तुरीवरचा खाटीक टिपायला तिपाई उभी केली तर पाच मिनिटांत बांधावर चार माणसं जमली.

“कोनता रोड चालला साहेब?”

“रोड नाही हो. पक्षी पाहून राहिलो.”

“मंग आमचं वावर काहून पाह्यता?”

“तुमच्या तुरीवर पक्षी आहे ना.”

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यातला वयस्क माणूस समजूतदारपणे म्हणाला, “मोबदला काय भाव भेटते, तेवढं सांगून ठेवा.” खाटीक उडून गेला होता. भाऊंनी दुर्बीण त्या माणसाच्या डोळ्याला लावली, पलीकडच्या बांधावरचा गप्पीदास दाखवला आणि हा एवढासा जीव पार सायबेरियाकडून येतो असं सांगितलं. तो बराच वेळ पाहत राहिला. मग दुर्बीण परत देत म्हणाला, “येवढ्या दूरून येऊन त्याले हेच वावर भेटलं?”

कारंज्यात पोहोचेपर्यंत नऊ वाजले. गुरुमंदिरापुढे भाविकांच्या गाड्या लागल्या होत्या. नृसिंह सरस्वतींच्या या जन्मगावी माणसं दूरदूरून येतात आणि त्यांना कोणी वेड्यात काढत नाही. सरांनी आलूबोंडा खाता खाता हे बोलून दाखवलं. भाऊ म्हणाले, “देव तारखेले जागेवर सापडते सर. आपला नाई सापडत.”

आणि मग अडाण. धरणावर जायचं तर वाट विचारावी लागते आणि ‘अडाणवर चाललो’ असं तीन शिकलेल्या माणसांनी सांगितलं की ऐकणारा दरवेळी हसतो. विद्यार्थी काठावर वाट पाहत होता. त्याने अभिमानाने हात लांबवला. धरणाच्या फुगवट्यात बुडून वाळलेली एक बाभूळ होती, तिच्या फांद्यांवर पंधरा-वीस करकोचे पंख आवळून बसले होते.

सर दुर्बिणीला डोळासुद्धा न लावता खाली बसले.

इथे करकोच्यांविषयी थोडं सांगणं भाग आहे, कारण सकाळी फोनवर विचारायचं ते विचारलं गेलं नाही. मराठी माणूस दोन वेगळ्या कुळांना करकोचा म्हणतो. एक कुळ क्रौंचांचं, त्यात कांड्या करकोचा आणि सारस येतात. दुसरं बलाकांचं. क्रौंच कर्ण्यासारखे ओरडतात, त्यांची हाक दोन-दोन किलोमीटरवर ऐकू येते. बलाकांना धड आवाज नाही, ते चोचीच वाजवतात. आणि मुख्य म्हणजे कांड्या करकोचा झाडावर बसत नाही. त्याचा पायाचा मागचा अंगठा आखूड, फांदी धरायला निरुपयोगी. म्हणजे “ओरडतात का?” आणि “झाडावर बसतात का?” एवढे दोन प्रश्न विचारले असते तर सर पावणेसहाला पुन्हा झोपले असते.

बाभळीवर बसलेले होते उघड्या चोचीचे करकोचे, म्हणजेच मुग्धबलाक. चोचीच्या दोन पात्यांमध्ये फट असलेला, गोगलगायी खाणारा, बाराही महिने इथलाच. वाशीमहून सत्तरेक किलोमीटर पेट्रोल जाळून पाहावा असा त्यात एकही गुण नाही. तो एकबुर्जीवरही असतो.

“हेच ना सर?” विद्यार्थ्याने विचारलं.

“हेच,” सर म्हणाले. मास्तर माणसाला पस्तीस गुणांचं उत्तर ओळखता येतं आणि ते पास करावं लागतं हेही कळतं. त्यांनी दुर्बीण लावून पक्षी मोजले. एकोणीस. वहीत लिहिले.

दुर्मिळ पक्ष्याच्या मागे धावून तोंडावर आपटणं ही काही वाशीमची मक्तेदारी नाही. इंग्लंडात याचा खेळच झालेला आहे. १९८९ च्या फेब्रुवारीत केंट परगण्यातल्या लार्कफील्ड गावी, सुपरमार्केटच्या आवाराजवळ, अमेरिकेतला एक सोनपंखी वटवट्या वाट चुकून आला. बातमी फुटली आणि हजारो माणसं लोटली. ज्यांनी घाई केली त्यांना दिसला. उशिरा आलेल्यांना काय ऐकायला मिळालं असेल ते वाशीमचा कोणीही पक्षीमित्र छातीठोकपणे सांगेल: “काल संध्याकाळपर्यंत इथंच होता.” पक्षीनिरीक्षणातलं हे सर्वांत जुनं वाक्य. ते उच्चारणाऱ्याच्या चेहऱ्यावरचं दुःख नीट पाहावं, त्यात आठ आणे समाधान असतं.

बातमी वाटायचेही शिष्टाचार आहेत. खऱ्या दुर्मिळ पक्ष्याची खबर मित्रांना ताबडतोब द्यायची असते. ‘ताबडतोब’ म्हणजे स्वतःचा फोटो नीट आल्यानंतर. जागा सांगताना “कारंज्याच्या पुढे” म्हणायचं, कारण कारंज्याच्या पुढे थेट नागपूरपर्यंत सगळंच येतं. आणि फोटो अंधुक असेल तर खबर देणारा बराच नम्र होतो, “पाहा बा, मले तर वाटते.”

दुपार उलटल्यावर तिघं कारंजा-सोहोळच्या काळवीट अभयारण्याकडे वळले. जेमतेम १८ चौरस किलोमीटरचा हा गवताळ माळ, २००० साली अभयारण्य झाला. बोर, बाभळी, कंबरभर वाळकं गवत, त्यात काळवीट आणि रोही. झाडी नाही म्हणून ज्याला लोक पडीक म्हणतात ती ही जमीन. पण भोवत्यांना हीच लागते. हे शिकारी पक्षी मध्य आशियातून उतरतात, दिवसभर शिवारावर गवताच्या शेंड्यांना घासत भोवऱ्या घालतात, टोळ-नाकतोडे वेचतात आणि संध्याकाळी मोकळ्या गवतात, जमिनीवरच, घोळक्याने मुक्कामाला येतात.

नर भोवत्या ओळखणं सोपं. करडा-पांढरा, कपडे धुऊन वाळत घातल्यासारखा. गोची माद्यांची. माँटेग्यू भोवत्याची मादी आणि पांढुरक्या भोवत्याची मादी या दोघींत फरक करताना भले भले हात टेकतात. दोघी तपकिरी, दोघींच्या शेपटीच्या मुळाशी पांढरा चांद. फरक गळ्याच्या पट्ट्यात आणि पंखांच्या आतल्या आडव्या रेषांत, पण भोवत्या हा पक्षी नेहमी माणसाकडे पाठ करून उडतो. पुतण्याने चाळीस फोटो काढले. एकोणचाळीस पाठमोरे. चाळिसाव्यात गवत.

“याच्यावरून सांगा काका, माँटेग्यू का पांढुरका?”

भाऊंनी पडदा मोठा करून करून पाहिला. “याच्यावरून एवढंच सांगता येते,” ते म्हणाले, “का ती आपल्यापासून दूर जाऊन रायली.”

अभयारण्याच्या कडेला एक फासेपारधी आजोबा बकऱ्या घेऊन बसले होते. सरांची त्यांची ओळख जुनी. यांच्या पिढीने तितर-लाव्यांना त्यांच्याच आवाजात हाका मारून फाशात घेतलं. पक्ष्यांचं जे ज्ञान पुस्तकांत उशिरा आलं ते या लोकांच्या कानात होतं. अकोला-वाशीमच्या गवताळ पट्ट्यात ‘संवेदना’ ही संस्था आणि कौस्तुभ पांढरीपांडे यांनी फासेपारध्यांनाच सोबत घेऊन तणमोर राखायचं काम उभं केलं, ते याच आधारावर. असं दुसरीकडेही घडलेलं आहे. नागालँडमध्ये दोयांग जलाशयावर २०१२ साली अमूर ससाण्यांची लाखाच्या घरात कत्तल उघडकीला आली आणि पुढच्याच हंगामात त्याच गावांनी ती थांबवली. तिथल्या तीन ससाण्यांच्या पाठीवर उपग्रहाचे ठोकळे बांधले; नावं ठेवली नागा, वोखा, पांगती. भारत ओलांडून, अरबी समुद्रावरून ते आफ्रिकेत पोहोचले.

आजोबांनी विचारलं, “किती झाले?”

“सत्तेचाळीस जाती,” पुतण्या म्हणाला.

“तणमोर?”

कोणी बोललं नाही. तणमोर पावसाळ्यात विणीला गवतात येतो. नर दिवसभरात शेकड्यांनी उड्या मारतो, गवताच्या वर डोकं काढायचं, पंख फडफडवायचे, पुन्हा खाली, सगळं मादीने पाहावं म्हणून. पाऊस सरला की तो असा पांगतो की दिसत नाही. जगात आता इतके थोडे उरले आहेत की २०२१ पासून त्याची गणना अतिसंकटग्रस्तांत होते. बाहेरचे पाहुणे यायला लागतात तेव्हा हा घरचा माणूस उठून गेलेला असतो. पुतण्याने फोन काढला. “आजोबा, औंदा कुठं दिसला होता? नेमकी जागा?”

आजोबांनी हनुवटी उचलून माळ दाखवला. पूर्वेकडून पश्चिमेकडे, सगळा. “तिकडं.” आणि बकऱ्या हाकल्या. सरांनी पुतण्याच्या हातातला फोन हळूच खाली केला.

सूर्य बुडाला. गवतात भोवत्ये एकेक करून उतरत होते. सरांच्या गाडीचा काटा लाल रेषेच्या खाली होता, आणि नेमका तेव्हा सरांच्या खिशात फोन वाजला. सकाळचाच विद्यार्थी.

“सर, गेले का तुमी? दुसरे आले.”

“झाडावर बसले?” सरांनी घड्याळाकडे पाहत विचारलं.

“नाई. हरभऱ्यात उतरले. लय मोठ्यानं ओरडून रायले. आयकू येते का?”

सरांनी फोन कानावर घट्ट दाबला. मग न बोलता तो भाऊंच्या कानाला लावला. भाऊंनी ऐकलं, फोन पुतण्याकडे दिला आणि गाडीला किल्ली लावली.