आईच्या ताब्यातला पाना

कोल्हापूरकर एक वेळ गुळाच्या दरात तडजोड करेल, पण गाडीच्या पिकअपमध्ये नाही. त्यामुळे पोराची ४९ सीसीची मिनीबाइक आपटून उद्यमनगरातल्या माझ्या शेडमध्ये आली, की बाप हमखास म्हणतो, "मिस्त्री, आता खोलताच हाय, तर जरा पळायलाबी लावा की!"

गाडी पोरानं धडकवली, असं बाप सांगतो. पोरगं छताकडं बघतं. बसलेली सीट आणि जमिनीला टेकलेले फुटरेस्ट मात्र ऐंशी किलोचा जबाब देतात. मी पंचनामा करत नाही, काम करतो.

वाकलेला हॅण्डल ठोकून सरळ करायचा नाही, बदलायचा. एकदा वाकलेली नळी पुन्हा वाकायला निमित्तच शोधत असते. चॅसीच्या गळ्याशी रंग तडकला असेल तर तो खरवडून खालचं वेल्डिंग बघायचं. हॅण्डलच्या उघड्या टोकांना बुचं हवीतच, नाहीतर पडताना नळी थेट पोटात रुतते. चेनला कव्हर, सायलेन्सरला गार्ड आणि ब्रेकचा लिव्हर पोराच्या बोटांना पोचेल इतका जवळ. हॅण्डल कुठंही वळवा, मूठ सोडली की ॲक्सिलरेटर खटकन मागं आलाच पाहिजे. क्लच इथं इंजिनाच्या वेगावर आपोआप धरतो. आयडलिंग चढं राहिलं तर गाडी पोराला न विचारताच निघते. शिवाय मनगटाला दोरी बांधायची: पोरगं पडलं, दोरी ओढली गेली, इंजिन बंद.

यामाहानं आपल्या पीडब्ल्यू-५० या लहान मुलांच्या गाडीत मूठ किती पिळता येईल याला आळा घालणारा स्क्रू कंपनीतूनच दिला. तसाच मी इथं बसवतो. लगेच बाप खालच्या आवाजात विचारतो, "काढता येतोय न्हवं?" येतो की. म्हणून त्याचा पाना मी पोराच्या आईकडं देतो. "वहिनी, पोरगं नीट चालवाय लागलं की अर्धा आटा ढिला करा." वहिनी पाना पदराला बांधतात, आणि साहेब एकदम छताकडं बघू लागतात.

"गल्लीत चालवली तर?" हा पुढचा प्रश्न. ५० सीसीखालच्या बिनगिअरच्या गाडीलासुद्धा परवान्याचं वय १६ आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलानं रस्त्यावर गुन्हा केला तर पालकाला २५ हजारांचा दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तेव्हा गाडी मोकळ्या, बंदिस्त मैदानातच. आणि मोठ्यांनी कडेला उभं राहायचं, सीटवर बसायचं नाही.

शेवटचं एक. शाळेचा गणवेश आपण वाढत्या अंगाचा घेतो, ते ठीक. हेल्मेट मात्र आजच्याच डोक्याच्या मापाचं घ्या.