टाकी तळघरात, आपण विसाव्या मजल्यावर

शुक्रवारी रात्री हैदराबादेत गच्चीबावली-कोंडापूरच्या टॉवरांखालच्या तळघरांत जीपगाड्या भरल्या जातात. तंबू, घडीच्या खुर्च्या, बर्फाची पेटी, मसाला लावून ठेवलेलं चिकन. सगळं बसलं की उरलेल्या सांदीत गॅसची छोटी टाकी ठोसायची, बहुतेक वेळा आडवी. पहाटे विकाराबादकडे कूच. अनंतगिरी, कोटपल्लीचा तलाव. हौस दांडगी असेल तर थेट आदिलाबादकडे, कुंटाला धबधब्यापर्यंत.

हौसेला माझी हरकत नाही. शहरातला माणूस चिखलात उतरतो, उघड्यावर चूल मांडतो, पोरांना चांदणं दाखवतो, हे चांगलंच आहे. हरकत आहे ती त्या टाकीला. पुढे विंच, छतावर दिवे, चिखलाचे खास टायर, यांवर लाख-दोन लाख सहज उडतात. टायरमध्ये हवा किती ठेवायची यावर तास तास वाद रंगतो. आणि टाकी? गल्लीतल्या दुकानातून किलोच्या भावाने भरून आणलेली. तिच्या अंगावर ना आयएसआयचा शिक्का, ना तपासणीची तारीख.

असं दुकान हैदराबादेत शोधावं लागत नाही. अमीरपेट, एस. आर. नगरच्या हॉस्टेलांच्या गल्ल्यांतून हिंडा. दर्शनी भागात शेगड्यांची दुरुस्ती, कुकरच्या रिंगा, मिक्सरची भांडी. मागे पडदा. पडद्याआड घरगुती गॅसची १४.२ किलोची लाल टाकी उलटी करून ठेवलेली. तिच्या तोंडाला नळी, नळीचं दुसरं टोक आपल्या छोट्या टाकीला. वरचा द्रव गॅस खाली उतरत राहतो, जोडावर पांढरा बर्फ धरतो, वास दुकानभर पसरतो आणि दोन पावलांवर चहाचा स्टोव्ह पेटलेला असतो. काटा असतो, पण तो पैसे मोजायला. टाकीत किती मावतं आणि कुठे थांबायचं, याचा हिशेब तिथे कुणी ठेवत नाही.

तो हिशेबच जीव वाचवतो. कंपनीच्या कारखान्यात टाकी कधीच काठोकाठ भरत नाहीत. साधारण पंधरा टक्के जागा मोकळी सोडतात. द्रव गॅस तापला की फुगतो, पाण्याच्या कितीतरी पट जास्त फुगतो. त्या फुगण्यासाठी ती जागा. पडद्याआडचा भाऊ मात्र गिऱ्हाईक खूश व्हावं म्हणून थोडा जास्तच भरून देतो. मग ती टाकी मे महिन्यात श्रीशैलम रस्त्यावर, बंद गाडीत, उन्हात उभी. बाहेर ४२ अंश असेल तर आत ६० च्या आसपास. द्रवाला फुगायला जागा उरली नाही, तर तो पत्र्यालाच फाडतो. एका टाकीतून दुसरीत असा गॅस भरणं कायद्याने बंद आहे. टाकी कशी असावी, तिला मान्यता कुणी द्यावी, हे ठरवणारं केंद्र सरकारचं खातं, पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटना, आपल्या नागपुरातच बसतं. नियम आहेत, खातं आहे, आणि पडदाही जिथल्या तिथे आहे.

हॉस्टेलमधल्या पोराची अडचण मला समजते. भाड्याची खोली, पत्त्याचा पुरावा नाही, खिशात शे-दोनशे. वीस लाखांच्या गाडीतून उतरून त्याच पडद्यामागे जाणाऱ्याची अडचण कोणती? २०१३ पासून पाच किलोची अधिकृत टाकी पत्त्याच्या पुराव्याशिवाय मिळते. नुसतं ओळखपत्र दाखवा, ठरावीक पेट्रोल पंपावरून किंवा गॅस वितरकाकडून घेऊन जा. इंडियन ऑइलने तिचं नाव ‘छोटू’ ठेवलं आहे. तिच्या वरच्या पट्टीवर एक अक्षर आणि दोन आकडे असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, त्याच क्रमाने सी आणि डी, आकडे वर्षाचे. त्या मुदतीपर्यंत टाकीची पुढची चाचणी व्हायला हवी. मुदत टळली असेल तर टाकी परत करा, दुसरी मागा. वाचायला पाच सेकंद लागतात.

आता गाडीचं. सेडानला डिकी वेगळी असते. जीपला, एसयूव्हीला ती नसते. मागचं सामान आणि पुढची माणसं एकाच खोलीत बसलेली असतात. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड. गळला की वर जात नाही, पायपुसण्यांखाली, सीटच्या खाचांत साचतो, आणि आपली नाकं तीन फूट वर. त्यात खिडक्या बंद, एसी आतलीच हवा फिरवतोय. हवेत हा गॅस दोन टक्क्यांच्या आसपास गेला की ठिणगीची खोटी. हिशेब करून पाहा: गाडीच्या आत चार घनमीटर जागा धरली, तर तिचे दोन टक्के म्हणजे ऐंशी लिटर गॅस. वजनात जेमतेम पावणेदोनशे ग्रॅम. पाच किलोची टाकी बाजूलाच ठेवा. ऑनलाइन मिळणारा सव्वादोनशे ग्रॅमचा इवलासा डबाही एवढ्या कामाला पुरून उरतो. ठिणगीसाठी सिगारेटच हवी असंही नाही, एखादं विजेचं बटण पुरतं.

म्हणून टाकी न्यायचीच तर उभी न्या. आडवी टाकी आतला द्रव थेट झडपेशी आणते; गळती झाली तर वाफेऐवजी द्रव बाहेर पडतो आणि एका लिटरचे अडीचशे लिटर होतात. रेग्युलेटर काढून ठेवा, तोंडावर टोपण घट्ट, पट्ट्याने दोन बाजूंनी जखडून टाका. खाचखळग्यांत सुटी टाकी उलटीपालटी होते, तेव्हा पहिला मार झडपेलाच बसतो. मागची काच थोडी उघडी ठेवा. शेजारी पेट्रोलचा कॅन ठेवणाऱ्यांना तर मी गाडीतून उतरवीन. नळी भारतीय मानकाचा शिक्का असलेली, जाड सुरक्षा नळीच घ्या. जोडल्यावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा. काडी ओढून गळती तपासणारे अजून आहेत, आणि तेही चारचौघांत, कौतुकाने.

बंद जागेत गॅस काय करतो, यासाठी फार लांबचं उदाहरण नको. २६ ऑगस्ट २०२३ ची पहाट, मदुराई. लखनौहून निघालेल्या यात्रेकरूंचा खासगी रेल्वेडबा यार्डात उभा होता. गाडीत टाकी न्यायला बंदी असताना ती चोरून आणलेली. पाचच्या सुमारास चहासाठी शेगडी पेटली आणि डबा पेटला. नऊ माणसं गेली. देवदर्शनाला निघालेली माणसं होती ती, कुणाचे आईबाप, आजीआजोबा. रेल्वे कायद्यात अशा सामानासाठी तीन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि दंड फार तर हजार रुपये. हजार! दंडाचा तो आकडा १९८९ च्या कायद्यातला आहे. संसदेला तो बदलायला नऊ मरणं पुरली नाहीत, याची मला चीड येते.

दुसरा धोका बिनआवाजाचा. डिसेंबरात आदिलाबादच्या बाजूला पारा चांगलाच उतरतो. मग कुणीतरी शेगडी तंबूत घेतं, चेन लावून टाकतं, ऊब येते, डोळे मिटतात. अपुऱ्या हवेत जळणारा गॅस कार्बन मोनॉक्साइड सोडतो. त्याला वास नाही, रंग नाही. जानेवारी २०२० मध्ये नेपाळात दमण इथे केरळचे आठ पर्यटक, त्यांत लहान मुलंही, हॉटेलच्या खोलीत गॅस हीटर लावून झोपले ते उठलेच नाहीत. तंबू तर त्या खोलीहून लहान. शेगडी बाहेर, आणि जेवण झालं की बंद. थंडीत ज्योत मंदावली की टाकीखाली निखारे सरकवणाऱ्या बहाद्दरांनाही एक सांगणं आहे. आपल्या टाकीत प्रोपेनबरोबर ब्युटेन असतो आणि ब्युटेन शून्य अंशाच्या जवळपास वाफ व्हायचा थांबतो. वर गॅस उडताना टाकी स्वतःच गार पडते, अंगाला घाम फुटतो. टाकी तासभर टेकू द्या. तोवर भाकरी-ठेचा खा. घरून आणलेलं जेवण खाल्ल्याने जंगलाचा अपमान होत नाही.

आणि जंगल म्हणजे कुठलं जंगल? अमराबाद आणि कव्वाल ही व्याघ्र प्रकल्पांची राखीव रानं आहेत. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ३० व्या कलमाने अभयारण्याला धोका होईल अशी आग पेटवायला मनाई आहे, आणि शेगडीची ज्योत ही आगच. फेब्रुवारीपासून नल्लमलाच्या डोंगरात पानगळीचा थर गुडघाभर होतो. तिथे ‘आम्ही काळजी घेतो’ म्हणणारा काळजी घेत नसतो.

पण मला खरी धास्ती रविवार रात्रीची आहे. सगळे दमलेले, पोरं झोपलेली, सोमवारी आठला मीटिंग. तंबू वर जातो, भांडी वर जातात, टाकी गाडीतच राहते. ‘पुढच्या शनिवारी लागणारच आहे.’ अर्धी भरलेली, झडप खाचखळग्यांत हादरलेली, तळघराच्या दुसऱ्या पातळीवर, शेजाऱ्याच्या इलेक्ट्रिक गाडीच्या चार्जिंगपासून हातभर अंतरावर. वर विसाव्या मजल्यावर यातल्या कितीकांच्या घरी भाग्यनगर गॅसचा नळ आहे. तो गॅस मिथेन, हवेपेक्षा हलका. गळला तर वर जातो, खिडकी उघडी असली की निघून जातो. त्या सवयीत वाढलेल्या पोरांना टाकीचा गॅस खाली बसतो हे कुणी शिकवलेलंच नाही. तळघराहून खाली काही नसतं. तिथे गळलेला गॅस गाडीतून उतरतो, उतारावरून सरकतो, पंपाच्या खड्ड्यात जाऊन बसतो आणि पंप चालू होण्याची वाट बघतो.

सोसायटीच्या सभांत पाहुण्यांच्या पार्किंगवरून, कुत्र्यांवरून, बाल्कनीतल्या कपड्यांवरून घसे बसेपर्यंत भांडणं होतात. तळघरात गॅसची टाकी ठेवायची नाही, असा एका ओळीचा ठराव मी एकाही सूचनाफलकावर वाचलेला नाही. पुढच्या सभेत तो मांडा. रखवालदाराला रविवारी रात्री येणाऱ्या प्रत्येक जीपची मागची दारं उघडून बघू द्या, आणि त्याने टाकी दाखवली तर त्याच्यावर डाफरू नका. टाकी जमिनीवर, उघड्यावर, सावलीत, उभी ठेवायला फाटकाजवळ जाळीचं एक कपाट करा. त्यावर मोठ्या अक्षरांत १९०६ लिहा. गॅस गळतीसाठी देशभर हाच आकडा आहे, आणि तो दिवसरात्र उचलला जातो.