शिळा षटकार

आमच्या घरी पंचावन्न इंची टीव्ही आला तो मुलाच्या हट्टापायी. जुना टीव्ही चालू होता. उजव्या कडेला एक हिरवट पट्टा यायचा एवढंच, आणि क्रिकेट बघणाऱ्या माणसाला हिरव्याचं काय वावडं? पण मुलगा दिवाळीला बंगळुरूहून आला, चकली खात खात त्याने तो पट्टा दहा मिनिटं न्याहाळला, मग आईच्या शिवणाच्या डब्यातली टेप काढून भिंत मोजली आणि काही न बोलता परत गेला. भाऊबीज होऊन चार दिवस होतात न होतात तोच दोन माणसं भलंमोठं खोकं घेऊन दारात उभी.

"बाबा, आता केबल नको, गच्चीवरची छत्री नको. सगळं वाय-फायवर," मुलाने फोनवरून सांगितलं. "एकदम लाइव्ह!"

त्या 'लाइव्ह'शी माझं भांडण आठवड्याच्या आत सुरू झालं.

आम्ही राहतो नेरुळला, डी. वाय. पाटील स्टेडियमपासून कावळ्याच्या वाटेने किलोमीटरभर. मैदान आमच्या बाल्कनीतून दिसत नाही, मध्ये इमारती आहेत. पण रात्रीची मॅच असली की दिव्यांचा उजेड आभाळाला लागलेला दिसतो, आणि आवाज तर थेट स्वयंपाकघरात येतो. 2 नोव्हेंबर 2025 च्या रविवारी तिथे महिला विश्वचषकाची फायनल होती, भारत विरुद्ध दक्षिण आफ्रिका. "एवढ्या जवळ मॅच आहे, तिकिटं का नाही काढलीत?" बायकोने विचारलं. "घरी पंचावन्न इंच आहेत," मी ऐटीत सांगितलं. दुपारी पाऊस आला आणि मॅच दोन तास लांबली, तेव्हा तर मला माझ्या दूरदृष्टीचं फारच कौतुक वाटलं. तिकिटवाले भिजत होते, मी भजी खात होतो.

पाच वाजता खेळ सुरू झाला. शफाली वर्मा समोर, गोलंदाज बॉल पुसत पुसत रनअपकडे परत चाललेली. तेवढ्यात बाल्कनीतून प्रचंड गलका आला. टीव्हीवर तर काहीच घडलेलं नव्हतं.

"कुणीतरी मंत्री आलेला दिसतोय," मी म्हटलं.

"मंत्र्यासाठी कोण एवढं ओरडतंय?" बायको म्हणाली. तिचं म्हणणं रास्त होतं.

मग गोलंदाज धावली, शफालीने बॅट फिरवली, चौकार गेला आणि टीव्हीतले लोक ओरडले. मघाशी बाल्कनीतून आला होता तोच आवाज, अर्ध्या मिनिटाने. पुढच्या चौकाराला मी घड्याळ लावून बसलो. पुन्हा अर्धं मिनिट, वर चार-पाच सेकंद. शाळेत आपण शिकलो की वीज आधी दिसते आणि गडगडाट मागून ऐकू येतो, कारण उजेडापुढे आवाज म्हणजे बैलगाडी. आमच्या हॉलमध्ये नेमकं उलटं चाललं होतं. एक किलोमीटर चालून यायला आवाजाला लागतात तीनच सेकंद. बैलगाडी केव्हाच पोचली होती आणि विमान अजून धावपट्टीवर होतं.

मुलाला फोन केला. त्याला माझ्या शोधाचं काहीच वाटलं नाही. "हो बाबा, लॅग असतोच," तो म्हणाला, जणू काही 'आमटीला मीठ असतंच.' मग त्याने समजावलं. मैदानावरचं चित्र तसंच्या तसं येत नाही. ते आधी उपग्रहावर जातं, म्हणजे जमिनीपासून छत्तीस हजार किलोमीटर वर. या चढउताराला पाव सेकंद, तो काही गुन्हेगार नव्हे. खरा वेळ खाली आल्यावर जातो. चित्र दाबून दाबून लहान करायचं, तेही एकदा नाही. मोठ्या टीव्हीसाठी वेगळं, फोनसाठी वेगळं, कमी रेंजवाल्यासाठी आणखी वेगळं. मग त्याचे काही काही सेकंदांचे तुकडे पाडायचे, ते गावोगावच्या सर्व्हरवर ठेवायचे आणि तिथून घराघरांत वाटायचे. त्यात आमचा टीव्ही स्वभावाने जुन्या वळणाचा निघाला. तो पुढच्या दोन-चार तुकड्यांची बेगमी केल्याशिवाय पहिला तुकडा वाढतच नाही. मध्ये नेट अडखळलं तर पंगतीत पान रिकामं दिसू नये म्हणून.

"थोडक्यात, शिळं वाढतो," मी म्हटलं.

"ताजंच असतं, बाबा. फक्त उशिरा."

आता हीच तर शिळ्याची व्याख्या.

स्मृती मंधानाच्या विकेटला हे प्रकरण फार जिवाला लागलं. मी खाली कोथिंबीर आणायला गेलो होतो. (फायनलच्या मध्यावर कोथिंबीर लागू शकते, हे संसारी माणसाला सांगायला नको.) परत येताना गेटवर आमचे वॉचमन बबनराव खुर्चीत फोन घेऊन बसलेले. फोनच्या काचेला एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत चीर. "साहेब, मंधाना गेली," ते म्हणाले. मी हळहळलो, लिफ्टने वर आलो, दार उघडलं, तर टीव्हीवर स्मृती मंधाना खेळतेय! पंचेचाळीसवर. पुढच्या बॉलची वाट बघतेय. तिला काय होणार ते मला माहीत होतं आणि तिला माहीत नव्हतं. टीव्हीवरच्या 'महाभारता'त अभिमन्यू चक्रव्यूहाकडे निघाला तेव्हा असंच झालं होतं. पण तेव्हा व्यासांनी सांगितलं होतं, बबनरावांनी नव्हे.

नंतर मी खाली जाऊन मुद्दाम चौकशी केली. बबनरावांकडे व्हिडिओ नव्हताच. "डेटा संपतोय साहेब. नुसते आकडे लावून बसतो." त्या आकड्यांना ना दाबायचं असतं, ना तुकडे पाडायचे असतात, ना बेगमी करायची असते. मैदानावर कुणीतरी बटण दाबतो आणि बबनरावांच्या फुटक्या काचेवर आकडा हलतो. मग मी अख्ख्या बिल्डिंगची पाहणीच करून टाकली. सगळ्यात पुढे बबनराव. मग पहिल्या मजल्यावरच्या सावंत वहिनी, त्यांच्याकडे अजून केबल. त्यांच्या मागोमाग गच्चीवर छत्री लावलेले चौथ्या मजल्यावरचे देसाई. आणि सगळ्यांच्या शेवटी आम्ही, पंचावन्न इंचांसह. पैसे जसे जास्त तशी बातमी शिळी, असा आमच्या जिन्यातला क्रम लागला. बी विंगमध्ये एक मुलगा शिट्टी घेऊन बसतो. तो नक्की कोणत्या यंत्रावर बघतो ते मला अजून कळलेलं नाही, पण तो आमच्या पुढे आहे एवढं खात्रीने सांगतो.

माझी मेहुणी सांगलीची. स्मृती लहानाची मोठी झाली ती सांगलीत, म्हणून या स्पर्धेत मेहुणी अख्ख्या संघाची मावशी झाली होती. तीही केबलवाली. घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तिचे रडके चेहरे धडाधड पडायला लागले की समजायचं, आमच्या टीव्हीवर आता काहीतरी वाईट व्हायचंय. शेवटी बायकोने माझा फोन उचलून फ्रीजवर पालथा घातला.

मला 1983 आठवलं. ते आठवणं या वयात अटळच असतं. मी अकरा वर्षांचा, गिरगावातली आमची चाळ, 25 जूनचा शनिवार आणि दुसऱ्या मजल्यावरच्या बर्व्यांकडे चाळीतला एकमेव टीव्ही. आदल्याच वर्षी दिल्लीच्या एशियाडच्या निमित्ताने दूरदर्शन रंगीत झालं होतं, पण ती वार्ता बर्व्यांच्या टीव्हीपर्यंत पोचली नव्हती. दारात चपलांचा ढीग, खोलीत तीस माणसं, खिडकीच्या गजाला लटकलेली आणखी पाच. आपण 183 वर ऑल आउट झालो तेव्हा अर्धी माणसं चपला शोधायला उठली. पण रिचर्ड्सचा उंच उडालेला झेल कपिल देवने मागे धावत जाऊन घेतला आणि सगळी चाळ एका आवाजात ओरडली. एकच टीव्ही होता ना. बर्व्यांच्या आधी आनंद होण्याची कुणाला सोयच नव्हती. आपण 43 धावांनी जिंकलो, आणि पहाटे बर्वे काकू स्वतःची चप्पल शोधत होत्या.

माझ्या वडिलांचा तर टीव्हीवरही विश्वास नव्हता. ते रेडिओवाले. ट्रान्झिस्टरला चामड्याची खोळ, खोळीला गोल भोकं, आणि त्या भोकांतून बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन. 'पायचीत', 'यष्टिरक्षक', 'निर्धाव षटक' हे शब्द मी बॅट हातात धरण्याआधी शिकलो ते त्या खोळीतून. 'पायचीत' हा शब्द तर मला मूळ इंग्रजीपेक्षा सरस वाटतो. तीन अक्षरांचं आद्याक्षरी कोडं कुठे आणि कुस्तीच्या आखाड्यातून उचललेलं 'चीत' कुठे! वडील वानखेडेवर प्रत्यक्ष मॅच बघायला गेले तरी ट्रान्झिस्टर कानाला लावून बसायचे. मॅच समोर, समालोचन कानात. डोळ्यांवर विश्वास नव्हता असं नाही, पंडितांवर जास्त होता.

आणि यंत्राचा शब्द शेवटचा मानायची सुरुवात तरी कुणापासून झाली? आपल्याच तेंडुलकरपासून. नोव्हेंबर 1992, डर्बनची कसोटी. जाँटी ऱ्होड्सने चेंडू फेकला, पंचांनी स्वतः निकाल न देता तो टीव्हीसमोर बसलेल्या तिसऱ्या पंचाकडे पाठवला आणि सचिन धावचीत. टीव्ही बघून बाद ठरवलेला जगातला पहिला फलंदाज. तेव्हा आम्ही हळहळलो की काय हे, माणूस मैदानात उभा आणि निकाल खोलीतून. आता मी स्वतः खोलीत बसलेला असतो आणि निकाल गेटवरून येतो.

पण आमच्या घरात या अर्ध्या मिनिटाचा खरा उपयोग शोधून काढला तो बायकोने. तिला क्रिकेट आवडतं, पण दोन विकेटींच्या मधलं क्रिकेट आवडत नाही. ती स्वयंपाकघरात शांतपणे पोळ्या लाटत होती. बाहेर गलका झाला की तव्यावरची पोळी उलटायची, गॅस बारीक करायचा, हात पुसायचे, हॉलमध्ये यायचं, चौकार बघायचा आणि परत जायचं. एकही चौकार चुकला नाही आणि एकही पोळी करपली नाही. मी मात्र दुपारपासून सोफ्यावर आणि प्रत्येक जाहिरातीचा साक्षीदार.

298 धावा झाल्या आपल्या. शफालीच्या 87. पण आफ्रिकेची कर्णधार लॉरा वोल्वार्ट हलेना. तिचं शतक झालं आणि सोसायटीतले आवाज बसले. सावंत वहिनींकडून देवाला काहीतरी बोलल्याचं ऐकू आलं. आणि मग मैदानाकडून एक विचित्र आवाज आला. आजवरच्या कुठल्याही चौकाराला किंवा विकेटीला न बसणारा. आधी 'हाऽऽ' असा चढता गलका, तो मध्येच तुटला, पुन्हा 'अऽऽ', पुन्हा तुटला, आणि मग फुटलाच. बायको लाटणं हातात घेऊनच बाहेर आली. "हे काय होतं?"

मला सांगता येईना. विकेट म्हणावी तर आवाज सरळ हवा. सुटलेला झेल म्हणावा तर शेवटी आनंद का? आम्ही दोघं त्या अर्ध्या मिनिटात टीव्हीकडे डोळे लावून बसलो, आणि आयुष्यात प्रथमच मला लॅगने धरून ठेवलं. वोल्वार्टने बॉल उंच मारला. अमनज्योत कौर धावत आली, बॉल हातात आला आणि उडाला, पुन्हा हाताला लागला आणि उडाला, आणि तिसऱ्या खेपेला तिने तो धरला. हाऽऽ, अऽऽ, आणि धडाम. आधी आवाज ऐकलेला, मग चित्र त्यावर नेमकं बसलेलं. स्टेडियममधल्या हजारो लोकांना तो झेल एकदा मिळाला, आम्हाला दोनदा. लाटणं टीपॉयवर आपटलं गेलं. काच वाचली.

शेवट मध्यरात्रीच्या आसपास झाला. दीप्ती शर्माच्या चेंडूवर हरमनप्रीत कौरने मागे जात झेल घेतला, आपण 52 धावांनी जिंकलो, आणि महिला विश्वचषक पहिल्यांदा भारतात आला. तो झेल आमच्या टीव्हीवर यायला अर्धं मिनिट बाकी होतं तेव्हा बाल्कनीबाहेर फटाके सुरूही झाले होते. बबनराव गेटवरून ओरडत होते, "जिंकलो साहेब, जिंकलो!" देसाई जिन्यात नाचत खाली निघाले होते. मेहुणीचे संदेश फ्रीजवर पालथे पडून थरथरत होते. आणि आम्ही दोघं कर्तव्य म्हणून टीव्हीसमोर उभे होतो, तो झेल अजून उडायचा होता. जिंकल्याचं माहीत असूनही मी बायकोचा हात घट्ट धरला होता. सुटला असता तर?

तेव्हा बी विंगमधल्या शिट्टीवाल्या मुलाला एक विनंती आहे. बाळा, पुढच्या मॅचला तू जरूर शिट्टी वाजव, तुझा हक्कच आहे तो. फक्त विकेट आपली पडली असेल तर एकदा आणि त्यांची पडली असेल तर दोनदा वाजव. म्हणजे पोळ्या टाकून बाहेर यायचं की नाही ते काकूंना आतूनच ठरवता येईल.