पायाळू आणि नऊ व्होल्ट

कंबर दुखते आहे हे कुणाला सांगू नये, आणि सांगायचंच झालं तर निदान पंगतीत बसून सांगू नये. मी एका साखरपुड्यात सांगितलं. वाढपी जिलेबी घेऊन माझ्यापर्यंत पोचायच्या आत मला निर्गुडीचा पाला, तेल लावून गरम केलेलं एरंडाचं पान, तव्यावर भाजलेल्या खड्यामिठाची पुरचुंडी, विटेचा शेक आणि कुणाच्या तरी ओळखीतला हाडवैद्य एवढं वाढून झालं होतं. उजवीकडच्या काकांनी तर उजव्या हाताने मठ्ठा पीत डाव्या हाताने सदरा वर केला आणि कमरेचा पट्टा दाखवला. "तीन पट्ट्यांचा घे, दोनचा घेऊ नकोस," एवढं बोलून ते पुन्हा मसालेभाताकडे वळले.

"उसण भरली असेल रे ती. पायाळू माणूस बघ एखादा," मावशी म्हणाली.

नव्या पिढीसाठी सांगतो. पायाळू म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी पायांनी जगात आलेला. अशा माणसाने दुखऱ्या कमरेला पाय लावला की उसण पळते, ही आपल्याकडची जुनी समजूत. याच माणसावर म्हणे वीजही पडते, म्हणून पावसात त्याला झाडाखाली उभा करत नाहीत. थोडक्यात, समाजाला त्याचा पाय हवा असतो, पण शेजार नको असतो. आता पायाळू निघालेली बहुतेक बाळं सिझेरियननेच बाहेर येतात. मग पोटातून थेट काढलेल्याला पायाळू धरायचं की नाही, यावर पंगतीत वाद झाला. एकमत व्हायच्या आत मठ्ठा संपला.

मी फिजिओथेरपीच्या दवाखान्यात गेलो. बारा आठवड्यांच्या वर टिकलेलं दुखणं वैद्यकात जुनाट ठरतं आणि माझं तर केव्हाच ठरलं होतं. तिथे हिरव्या पडद्यांआड ओळीने पलंग होते. प्रत्येक पलंगावर एकेक पालथा गृहस्थ. चेहरे उशीत, त्यामुळे ओळख चपलांवरून. पडद्यापलीकडून पहिला प्रश्न आला तो नावाचा नव्हता. "माझं एल-फोर एल-फाइव्ह. तुमचं?" म्हणजे कमरेचा चौथा-पाचवा मणका.

आधी शेक. कोपऱ्यातल्या स्टीलच्या टाकीत सत्तरेक अंशांच्या पाण्यात कॅनव्हासच्या चौकटी-चौकटींच्या पिशव्या बुडवून ठेवलेल्या असतात. आत बेंटोनाइट नावाची माती. पाणी पिऊन फुगते आणि ऊब धरून बसते. फिजिओथेरपिस्ट मुलीने चिमट्याने पिशवी उचलली, पाणी निथळू दिलं, जाड टॉवेलात गुंडाळली आणि माझ्या कमरेवर ठेवली. पहिलं मिनिटभर काहीच कळेना. मग टॉवेलाच्या घडीतून ऊब झिरपायला लागली आणि माझ्या तोंडून जो आवाज निघाला, तो मी चारचौघांत सहसा काढत नाही.

"जास्त गरम वाटलं तर सांगा हं, काका."

सांगतोय कशाला? पैसे भरलेत. शेक सोसेल तेवढा घ्यावा हा आपला बाणा, आणि तोच वाईट. गरम पिशवी रोज तास-तासभर एकाच जागी धरणाऱ्यांच्या पाठीवर जाळीसारखे तपकिरी डाग उमटतात; डॉक्टरांना ते लांबूनही ओळखू येतात. शिवाय ही ऊब कातडीखाली सेंटीमीटर-दोन सेंटीमीटरच्या पलीकडे फारशी पोचत नाही. मणक्यांमधली चकती त्याहून कितीतरी खोल. म्हणजे शेक ज्या दाराशी जातो, भाडेकरू तिथे राहतच नाही. तरी बरं वाटतं ते खोटं नाही. वरचे स्नायू सैल पडतात, रक्त खेळतं, आणि कातडीतल्या उष्णता ओळखणाऱ्या नसा मेंदूकडे इतका गलका करतात की दुखण्याला बोलायला जागा उरत नाही.

मग यंत्र. खोलीतल्या सगळ्या पालथ्या पुरुषांचा स्वाभिमान याच यंत्राला जोडलेला असतो. काळ्या रबराच्या चकत्या, त्यांवर गारेगार जेल, ती लागताच अंगावर येणारा शहारा, वर दाबून ठेवलेली वाळूची पिशवी. मुलगी बटण हळूहळू फिरवते आणि विचारते, "मुंग्या येतायत का?"

"नाही."

"आता?"

"आल्या."

"बास की वाढवू?"

इथे खरं उत्तर कुणी देत नाही. शेजारच्या पडद्याआडून एक भारदस्त आवाज आला, "मला पस्तीसवर लागतो. त्याच्या खाली मला काही कळतच नाही." पलीकडच्याने लगेच अठ्ठावीसचे बत्तीस करून घेतले. मी बाविसावर सुखात होतो. पण बाविसाचा माणूस म्हणून या दवाखान्यात नाव झालं असतं, म्हणून थोडं वाढवून घेतलं आणि पुढची वीस मिनिटं माझी कंबर माझ्या परवानगीशिवाय नाचत होती.

विजेचा हा उपयोग फार जुना. रोमन सम्राट क्लॉडियसच्या काळात स्क्रिबोनियस लार्गस नावाच्या वैद्याने लिहून ठेवलंय की पायाचा संधिवात उसळला की ओल्या किनाऱ्यावर जिवंत टॉर्पेडो माशावर पाय ठेवून उभं राहावं, पाय गुडघ्यापर्यंत बधिर होईस्तोवर. हा मासा धक्का देतो. त्या वैद्याने माशाला "जास्त वाटलं तर सांगा" म्हणायला शिकवलं होतं की नाही, ठाऊक नाही.

पण यामागचं कारण सापडलं ते १९६५ साली. मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक आणि शरीरशास्त्रज्ञ पॅट्रिक वॉल यांनी मांडलं की पाठीच्या कण्यात दुखण्याच्या वाटेवर एक फाटक आहे. आमच्या सोसायटीच्या गेटवर रखवालदार असतो, तसंच. दुखण्याची बातमी आणणाऱ्या नसा बारीक आणि सावकाश. स्पर्शाची बातमी आणणाऱ्या जाड आणि वेगवान. स्पर्शवाल्यांची झुंबड उडाली की रखवालदार त्यांच्यातच गुंततो आणि दुखणं बाहेर ताटकळतं. कोपराला लागलं की आपण ते चोळतो, ते याचसाठी. दोन वर्षांनी वॉल आणि विल्यम स्वीट यांनी वीज देऊन हे करून पाहिलं, आणि आधी सुया टोचल्या त्या स्वतःच्याच चेहऱ्याच्या नसेजवळ. माणसं सज्जन. त्यातूनच पुढे खिशात मावणारं, नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारं टेन्स यंत्र आलं. सेकंदाला शंभराच्या आसपास ठोके देतं आणि स्पर्शाच्या नसांना कामाला लावतं.

हे वाचल्यावर मला मावशीचा पायाळू आठवला. दुखऱ्या जागेवर अनोळखी माणसाचा पाय पडतो आहे, भोवती घरची मंडळी उभी आहेत, तो जोरात लाथ घालील की काय ही धाकधूक आहे. अशा वेळी फाटकाशी केवढी झुंबड उडत असेल! विजेला आकर्षित करणारा माणूस आणि उसण घालवणारा माणूस एकच, हे आपल्या पूर्वजांनी कुठून जुळवलं देव जाणे. बॅटरी तेवढी राहिली.

आता वाईट बातमी. ब्रिटनच्या, उपचारांबाबत सल्ला देणाऱ्या 'नाइस' संस्थेने २०१६ साली कंबरदुखीसाठी टेन्स देऊ नका असं सांगितलं. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३च्या शिफारशींत जुनाट कंबरदुखीसाठी ते नको म्हटलं, आणि कमरेचे पट्टेही नको म्हटले. पंगतीतल्या काकांना हे मी अजून कळवलेलं नाही; पट्टा तीन पट्ट्यांचा आहे. व्यायामाला मात्र दोन्हीकडून होकार.

मला विचाराल तर या मंडळींचं गणित बरोबर आहे. दुखणं बरं करायला यंत्र निघालेलंच नाही, ते फाटक लोटून धरतं, आणि यंत्र बंद झालं की बहुतेकदा फाटक पुन्हा उघडतं. पण ज्याला कितीतरी दिवसांत वीस मिनिटंही सलग निवांत मिळालेली नाहीत, त्याला ती मिळाली तर सरासरीचा आकडा दाखवून उठवू नये. फक्त ज्याच्या छातीत पेसमेकर आहे त्याने या बाविसा-पस्तिसाच्या शर्यतीत उतरू नये.

मी फिजिओथेरपिस्टला विचारलंच. ती हसली. "काका, ठाऊक आहे मला. पण मशीन लावल्याशिवाय तुम्ही कुणी येता का? वीस मिनिटं दुखणं गप्प बसतं, तेवढ्यात मला तुमच्याकडून व्यायाम करून घेता येतो."

म्हणजे सगळा बेत व्यायामाचा होता. पालथ्याचे उताणे होऊन, गुडघे मुडपून कंबर उचलायची आणि दहा मोजेपर्यंत धरायची. या भागाच्या वेळी खोलीतली गर्दी विरळ होते. कुणाला बँकेत जायचं असतं, कुणाची नात शाळेतून यायची असते.

परवा ऐन मध्यात वीज गेली. पंखे थांबले, मुंग्या थांबल्या, सगळे पालथे एकदम उठून बसले. "अहो, थांबा! व्यायामाला वीज लागत नाही!" ती ओरडली. तोवर पस्तीसवाले काका खाली वाकून बुटांच्या नाड्या बांधून मोकळेही झाले होते.