बारा इंची कागद

माझ्या अँपचा घसा बसला तेव्हा आधी मी स्वतःलाच दोष दिला. गिटारच्या तारा बदलल्या, केबल बदलली, तीन दिवस वाद्याला हात लावला नाही. चौथ्या दिवशीही जाड तार छेडली की मागे कुणीतरी सुपारी कातरत बसल्यासारखा आवाज यायचाच.

शेवटी स्पीकर काढला, पिशवीत घातला आणि बुधवार पेठेत नेला. तिथल्या कारागिराने दोन्ही अंगठे कागदी कोनावर ठेवून तो हळूच आत दाबला. खर्र. "कॉइल घासतेय. किती वॅटचा अँप?" म्हटलं, पंधरा. "पंधराशे?" "नाही, नुसता पंधरा." त्याच्या पाठीमागे गणपती मंडळांचे अठरा इंची स्पीकर छतापर्यंत रचलेले होते. त्याने माझ्यासाठी चहा सांगितला, वाईट बातमी आलेल्या माणसासाठी सांगतात तसा.

नवा कोन तो स्वस्तात बसवून देणार होता. पण त्याच्याकडचा कागद वेगळा, आणि गिटारच्या स्पीकरमध्ये निम्मं गाणं त्या कागदाचंच असतं. घरातल्या म्युझिक सिस्टिमचा स्पीकर आपण प्रामाणिक बघून घेतो. जे येईल ते तसंच पुढे पाठवणारा. गिटारचा स्पीकर घ्यायचा तो त्याच्या खोडींसाठी. साधारण पाच हजार हर्ट्झच्या वर तो जवळजवळ मुका होतो, आणि तेच त्याचं भाग्य. तो वरचा भाग गाळला नाही तर डिस्टॉर्शन लावलेली गिटार पत्र्यावर करवत चालवल्यासारखी ऐकू येते. तंबोऱ्याची जवारी आठवा. मिरजेचा कारागीर घोडीवर कानस फिरवत बसतो ते तार तिला नेमकी हवी तेवढीच घासावी म्हणून. त्याला कुणी डेसिबल विचारत नाही.

इंग्लंडात १९६४ साली 'द किंक्स' ह्या बँडच्या डेव्ह डेव्हिसने तर आपल्या छोट्या अँपचा कोन ब्लेडने चिरला होता. त्या फाटक्या आवाजातलं 'यू रिअली गॉट मी' तिथे पहिल्या क्रमांकावर गेलं. हे कळल्यावर मीही क्षणभर आशेवर होतो. पण कागदाचं फाटणं वेगळं, कॉइलचं घासणं वेगळं. घासणं तंबोऱ्याला शोभतं.

म्हणजे नवा घेणं आलं. ओहमच्या बाबतीत चेष्टा चालत नाही. अँपच्या पाठीवर आठ लिहिलं असेल तर आठचाच घ्यायचा. वॅटचा घोळ मात्र भल्याभल्यांचा होतो. स्पीकरवरचा वॅटचा आकडा आवाजाचा नसतो, सोसण्याचा असतो. आवाज ठरतो सेन्सिटिव्हिटीवर, म्हणजे तेवढ्याच ताकदीत तो किती मोठ्याने वाजतो त्यावर. एक ९७ डेसिबलचा, दुसरा १००चा. दिसायला फरक तीनचा, पण तेवढा वाढवायचा तर अँपची ताकद दुप्पट करावी लागते. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकू पहाटे ध्यानाला बसतात. ९७ की १००, हे खरं तर त्यांना विचारायला हवं होतं.

उमेदवार बरेच होते. पहिला ब्रिटनच्या सेलेस्टियनचा निळा. साठच्या दशकात व्हॉक्सच्या 'एसी ३०' अँपमध्ये असे दोन-दोन बसत, आणि तो अँप बीटल्सच्या मागे उभा असे. चुंबक अल्निकोचं, म्हणजे ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्टचं. किंमत घरी न सांगण्यासारखी. दुसरा जेन्सन, नाव शिकागोचं, पण आता बनतो इटलीत. तिसरा सेलेस्टियनचाच ग्रीनबॅक: साधं सिरॅमिक चुंबक, पंचवीस वॅट, पाठीवर हिरवं प्लॅस्टिकचं टोपण. केंटकीतल्या एमिनन्सची यादी एवढी लांब होती की मी ती अर्ध्यावरच मिटली.

त्यातून माहितीपत्रकांची भाषा! कुणाचा आवाज मधासारखा, कुणाचा चॉकलेटसारखा, कुणाचा घंटेसारखा. वाचता वाचता भूक लागायची, निर्णय व्हायचा नाही. आपल्याकडे आवाजाला शब्द काय कमी आहेत? चिरका, बसका, घोगरा, किनरा, भरदार, पोकळ, खणखणीत. म्हणून फोन घेऊन अण्णांकडे गेलो. त्यांचं आयुष्य तबल्यावर गेलं, गिटारशी देणंघेणं शून्य. नावं न सांगता तिन्हींचं रेकॉर्डिंग ऐकवलं.

अण्णा डोळे मिटून ऐकत होते. "पहिला खणखणीत आहे, पण फार हुशारी दाखवतो. दुसरा तोंडात पान ठेवून बोलतोय. तिसरा मोकळा." मग डोळे उघडून त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. "पण काय रे, हे तिन्ही तू ह्या टिचभर फोनच्याच स्पीकरमधून ऐकवलेस ना?"

तिसरा ग्रीनबॅक होता. मी तोच मागवला. दुसरा कुठला निकष माझ्याकडे उरला नव्हता.

बसवताना मागून चार नट पिळायचे असतात. काम सोपं, पण नट आवळायच्या पान्याचं टोक जवळ नेलं की चुंबक तो हातातून हिसकावून घेतं, आणि पाना निसटून फ्रेमच्या खिडकीतून आत गेला तर नव्या कोऱ्या कागदाचा डेव्ह डेव्हिस होतो. मी जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा आडवा धरला. समोरासमोरचे नट थोडे थोडे आवळत गेलो, म्हणजे फ्रेम वाकडी होत नाही. सुरू केला तर आवाज ताठ, परक्या घरी जेवायला बसल्यासारखा. नवा कोन कडक असतो. कोल्हापुरी चपलेसारखा तोही वापरूनच मऊ होतो. रोज तासभर वाजवत राहिलो. तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी अण्णा दारात येऊन उभे राहिले. "आता बोलायला लागलाय," एवढंच म्हणाले आणि फिरायला गेले.

तुम्हालाही स्पीकर बदलायचा असेल तर रंग, देश, चुंबक काय हवं ते निवडा. पण अँप व्हॉल्व्हचा असेल तर जुना काढल्यावर नवा जोडेपर्यंत तो चुकूनही चालू करून पाहू नका. स्पीकर नसताना वाजवला तर आतला आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो, आणि तो ह्या सगळ्या कागदांपेक्षा महाग पडतो.